एबीएसची गाडी नव्याने चालवताय? आधी करकचून ब्रेक दाबायला शिका

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, चढावर गाडी मागे येऊ न देता उचलायला शिकवतात. लायसन्सच्या चाचणीला आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला की गाडी काय करते, हे मात्र कोणी दाखवत नाही. उलट 'ब्रेक हळू मारा' हेच सतत कानावर पडतं, आणि रोजच्या चालवण्यात ते बरोबरही आहे. मग एखाद्या संध्याकाळी समोर म्हैस येते, किंवा दुभाजकाच्या फटीतून दुचाकी घुसते, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाय मुळापर्यंत जातो. पेडल थरथरतं, खालून घरघर ऐकू येते, काहीतरी मोडलं असं वाटतं आणि माणूस पाय उचलतो. पाय उचलायची सगळ्यात वाईट वेळ तीच.

मी एबीएस (करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीवर शिकलो. नवी गाडी घेतल्यावर पायाच्या बऱ्याच सवयी बदलाव्या लागल्या, आणि पुढे घरातल्या-ओळखीतल्या नवशिक्यांना शिकवताना दिसलं की प्रत्येक जण त्याच चार-पाच ठिकाणी अडखळतो. ती ठिकाणं आधीच माहीत असावीत म्हणून हे लिहितोय. एक दिवस काढा, मोकळं मैदान शोधा आणि यातलं प्रत्यक्ष करून बघा. नुसतं वाचून पाय शिकत नाही.

१. तुमच्या गाडीत एबीएस आहे का, ते आधी बघा

एप्रिल २०१९ पासून भारतातल्या नव्या प्रवासी कारना एबीएस सक्तीचं झालं. त्यानंतरची गाडी असेल तर प्रश्न नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर मात्र नीट तपासा. त्याआधीच्या काळात एकाच मॉडेलच्या महागड्या व्हेरियंटमध्ये एबीएस असायचं आणि स्वस्तातल्या व्हेरियंटमध्ये नसायचं. 'शेजाऱ्यांच्या याच गाडीत आहे, म्हणजे माझ्यातही असणार' हा हिशेब चालत नाही. गाडी कोणत्या महिन्यात-वर्षात बनली ते आरसीवर मिळतं, व्हेरियंटचं नाव मूळ बिलावर मिळतं.

गाडीतच बघायचं तर किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर गोलात इंग्रजी अक्षरांनी एबीएस लिहिलेला पिवळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, किंवा इंजिन चालू केल्यावर विझतो. दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात: लागायलाही हवा, विझायलाही हवा. दिवा लागलाच नाही तर गाडीत एबीएस नाही, किंवा बिघाड लपवायला कोणीतरी दिवा काढून टाकलाय. दुसरी शक्यता सेकंडहँड बाजारात खरोखर असते, म्हणून बोनेटही उघडा. ॲल्युमिनियमचा एक चौकोनी ठोकळा, त्याला चिकटलेला काळा प्लास्टिकचा डबा आणि त्यातून निघालेल्या ब्रेकच्या बारीक धातूच्या नळ्या दिसल्या की एबीएस आहे. बहुतेक गाड्यांत या नळ्या सहा असतात: दोन मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या, चार चाकांकडे जाणाऱ्या. ठोकळा आहे पण दिवा लागत नाही अशी गाडी दिसली तर टोकन देऊ नका.

२. एबीएस काय करतं, ते डोक्यात पक्कं बसवा

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय रिंगवरून चाकाचा वेग मोजत राहतो. तुम्ही जोरात ब्रेक दाबलात आणि एखादं चाक बाकीच्यांच्या मानाने फारच झपाट्याने मंदावलं, तर ते आता जाम होणार हे कंट्रोल युनिटला कळतं. ते त्या एका चाकाचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, चाक फिरू लागलं की पुन्हा वाढवतं. हे एका सेकंदात अनेकदा होतं. पायाखाली जाणवणारी थरथर आणि घरघर ही त्या झडपांची आणि ऑइल परत ढकलणाऱ्या पंपाची असते. म्हणजे थरथर जाणवली तर यंत्रणा काम करतेय.

चाक जाम होऊ न देण्याची एवढी खटपट कशासाठी? डांबरी रस्त्यावर टायरची पकड सगळ्यात जास्त असते ती चाक फिरतंय पण थोडंसं घसरतंही आहे अशा अवस्थेत. ढोबळमानाने चाक गाडीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के हळू फिरत असतं तेव्हा. पूर्ण जाम झालेल्या चाकाची पकड त्याहून कमी असते, आणि ओल्या रस्त्यावर तर बरीच कमी. हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा दिशेचा आहे. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरायला लागला की त्या पायाने कुठे वळता येत नाही, घसरू तिकडेच जातो. जाम चाकांचं अगदी तसंच. तुम्ही स्टेअरिंग पूर्ण फिरवा, पुढची चाकं तिरकी होतील, गाडी मात्र सरळच जाईल. एबीएसमुळे चाक फिरत राहतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते.

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: एबीएस तुम्हाला मुख्यतः स्टेअरिंग परत देतं. कमी अंतरात थांबणं हा काही रस्त्यांवर मिळणारा जादा लाभ आहे, त्याची खात्री नाही. रस्ता आणि टायर यांच्यात पकडच नसेल तर एबीएस ती कुठून आणणार?

ही कल्पना आधी विमानांसाठी आली. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाकं जाम होऊन टायर फुटू नयेत म्हणून १९५० च्या दशकात विमानांना अशी यांत्रिक व्यवस्था बसवू लागले. आजच्या इलेक्ट्रॉनिक रूपात ती कारमध्ये रुळली १९७८ पासून, बॉश कंपनीने मर्सिडीझच्या एस-क्लाससाठी बनवलेल्या यंत्रणेतून. पुढे जर्मनीतच म्युनिकमध्ये टॅक्सींवर एक अभ्यास झाला, तो प्रत्येक नव्या चालकाला माहीत असावा असं मला वाटतं. काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. अपघातांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले चालक जास्त बेधडक चालवू लागले होते. यंत्राने दिलेली सगळी सुरक्षितता त्यांनी वेग आणि घाईत खर्च करून टाकली. तुमचं तसं होऊ देऊ नका.

३. थांबायला किती जागा लागते, ते एकदा वाचा

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. खालचा हिशेब मी साध्या गणिताने मांडलाय: एक सेकंद प्रतिसादाला, आणि पुढे चांगल्या टायरवर कोरड्या डांबरावर दर सेकंदाला सेकंदी सात मीटर वेग कमी होतो, ओल्यावर चार मीटर, असं धरून.

- ताशी ४० किमी: कोरड्यावर सुमारे २० मीटर, ओल्यावर २७
- ताशी ६० किमी: कोरड्यावर ३७, ओल्यावर ५१
- ताशी ८० किमी: कोरड्यावर ५७, ओल्यावर ८४
- ताशी १०० किमी: कोरड्यावर ८३, ओल्यावर १२४

१०० ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या सपाट भागातली कारची वेगमर्यादा आहे. पावसात त्या वेगाने, पुढच्या गाडीच्या मागे वीस मीटरवर चालणारी माणसं रोज दिसतात. त्यांच्या गाडीत एबीएस आहे, पण ते या आकड्यांचं काहीही करू शकत नाही. वेग दुप्पट झाला की निव्वळ ब्रेकचं अंतर चौपट होतं, हा नियम सगळ्या गाड्यांना सारखाच लागू आहे.

म्हणून अंतर सेकंदात मोजा. पुढची गाडी एखाद्या पाटीजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. तेवढं म्हणून व्हायच्या आत तुम्ही पाटीपाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात चारपर्यंत म्हणा. मधल्या जागेत कोणी घुसतो, हे खरं आहे. घुसू द्या आणि पुन्हा मागे राहा.

४. सरावाची तयारी

जागा आधी ठरवा. स्वतःची किंवा परवानगी घेतलेली खासगी मोकळी जागा हवी: गावाकडचं माळरान, कारखान्याचं सुट्टीच्या दिवशीचं रिकामं आवार, मंगल कार्यालयाचं पार्किंग. सरळ साठ-सत्तर मीटर धाव आणि पुढे आणखी तीसेक मीटर मोकळं असलं पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर हा सराव करू नका, पहाटे रिकामा दिसला तरी नाही. 'अजून सुरू झालेला नाही' अशा नव्या बायपासवरही नाही, कारण तिथे चालायला आणि व्यायामाला लोक येतात.

बरोबर घ्या:

- गाडीबरोबर आलेलं पुस्तक, म्हणजे ओनर्स मॅन्युअल. ब्रेकचं प्रकरण आदल्या रात्री वाचा.
- हवा मोजायचं गेज. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना मोजा.
- चार-पाच रिकामी पुठ्ठ्याची खोकी.
- रेघ मारायला फक्की किंवा खडू.
- पाण्याचे दोन-तीन कॅन, जमीन ओली करायला.
- बाहेर उभं राहून बघणारा एक माणूस. त्याने खोक्यांपासून लांब, बाजूला उभं राहायचं.
- लायसन्स, विमा, पीयूसी. शिकाऊ लायसन्स असेल तर 'एल'ची पाटी आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस.

निघण्यापूर्वी टायर बघा. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे टायर संपला. पावसात तर मी त्याच्या बरंच आधी बदलतो. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच चांगली असली तरी जुना, कडक झालेला टायर ओल्यावर नीट धरत नाही. ज्यांना वर्षभरात टायर आणि म्युझिक सिस्टीम यातलं एकच करणं परवडणार आहे त्यांनी कृपा करून टायर घ्या.

ब्रेक ऑइलची पातळी बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये हवी.

आणि गाडी रिकामी करा. डिकीतली स्टेपनी घट्ट बसवलेली आहे ना, बघा. मागच्या सीटवरची छत्री, पुढे ठेवलेला टिफिन, दारातल्या पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर. जोरात ब्रेक लागला की सुटी बाटली गडगडत पुढे येते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. ड्रायव्हरचा मॅट हुकात अडकवलेला हवा. एकावर एक दोन मॅट टाकलेले असतील तर एक काढा. डॅशबोर्डवरचा गणपती नीट चिकटवलेला नसेल तर त्या दिवसापुरता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

५. प्रत्यक्ष सराव

*बसण्यापासून सुरुवात.* ब्रेक शेवटपर्यंत दाबा. दाबलेल्या अवस्थेत उजवा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. लांब बसणाऱ्याला शेवटची ताकद लावताच येत नाही. पायात बूट असू द्या. ओली सपात पेडलवरून सटकते.

*पहिली फेरी, ताशी वीसने.* खोकं ठेवायचं नाही, नुसती फक्कीची रेघ. रेघेवर पोहोचलात की ब्रेक आणि क्लच एकदम, पूर्ण दाबा. क्लच न दाबल्यास थांबता थांबता इंजिन बंद पडतं आणि स्टेअरिंग जड होतं. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय जागेवरच राहू द्या. या वेगाला कोरड्या जमिनीवर एबीएस कदाचित लागणारही नाही. हरकत नाही, पट्टा छातीला कसा आवळतो तेवढं तरी कळेल.

*दुसरी फेरी, ताशी चाळीसने.* आता थरथर जाणवायला हवी. कोरड्यावर नाही जाणवली तर तुम्ही पुरेसं दाबत नाही आहात. इथे बहुतेक जण हळू-हळू दाब वाढवतात, कारण आजवर तेच शिकवलंय. इथे पायाने लाथ मारल्यासारखा ब्रेक मारायचा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत तसाच दाबून धरायचा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक असिस्ट असतं. पाय किती झटक्याने गेला यावरून ते ही आणीबाणी आहे हे ओळखतं आणि उरलेला दाब स्वतः वाढवतं. पाय भीतभीत गेला तर त्याला ते ओळखता येत नाही.

माझ्या भाचीला शिकवत होतो तेव्हाचं सांगतो. हुशार मुलगी, गाडी छान चालवायची. चाळीसवर रेघ आली, तिने ब्रेक मारला, पेडलने पायाला ढकलून दिल्यासारखं केलं आणि तिने झटकन पाय वर घेतला. गाडी रेघेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. 'मामा, काहीतरी मोडलं खाली!' मी म्हटलं, काही मोडलेलं नाही, पुन्हा जा, आणि या वेळी तो आवाज मोठ्याने मोज. ती 'घर्र घर्र घर्र' म्हणत गाडी थांबेपर्यंत दाबून बसली. उतरून तिने स्वतः पावलांनी अंतर मोजलं, आधीच्या फेरीच्या खुणेकडे बघितलं आणि एकदम गप्प झाली. त्यानंतर तिने पाय उचलला नाही. आवाज तोंडाने काढायची ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो. थरथरीची भीती जाते आणि ती कधी थांबेल याची वाट बघायची सवय लागते.

जुन्या चालकांनी इथे खास जपावं. एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम झालं की ब्रेक सोडायचा-मारायचा, सोडायचा-मारायचा, हे आपल्या पायात बसलेलं आहे आणि त्या गाडीत ते योग्यच होतं. एबीएसच्या गाडीत तुम्ही पाय उचलता तेवढा वेळ गाडी ब्रेकशिवाय धावते. वडीलधारे शेजारी बसून 'सोड, सोड, मार' म्हणत असतील तर त्यांना एक फेरी मारायला द्या. सांगून जे पटत नाही ते पेडल पटवून देतं.

*तिसरी फेरी, ओल्यावर.* कॅनमधलं पाणी ओता आणि तेच पुन्हा करा. अंतर वाढेल, थरथर जास्त वेळ चालेल. फक्कीने दोन्ही ठिकाणी खूण करा आणि दोन खुणांमधून चालून बघा. वरच्या आकड्यांपेक्षा हे चालणं जास्त शिकवतं.

*चौथी फेरी, वळणं.* सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि बहुतेक जण कंटाळून हीच सोडतात. ही फेरीही ओल्यावरच: रेघेच्या पुढे दहा-बारा मीटरवर एक खोकं ठेवा, त्याच्या उजवीकडे एका गाडीएवढी मोकळी वाट खोक्यांनीच आखा. ताशी चाळीसने या, रेघेवर करकचून ब्रेक मारा, आणि ब्रेक दाबलेलाच ठेवून स्टेअरिंग उजवीकडे वळवा, मग सरळ करा.

पहिल्यांदा खोकं उडणार, कारण नजर खोक्यावर खिळते. नजर जिथे जाते तिथे हात गाडी नेतात. डोळे मोकळ्या वाटेवर लावा, खोक्याकडे बघूच नका. गाडी तिकडे जाते. स्टेअरिंग थोडं फिरवा, बेतानेच. घाबरून खूप फिरवलं आणि त्याच वेळी पाय उचलला, तर चाकांना एकदम पूर्ण पकड मिळते आणि गाडी झटक्यात बाजूला उडी घेते. रस्त्यावर उलटणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे.

पाच-सहा जोराच्या ब्रेकनंतर थांबा. वास यायला लागेल, पेडल मऊ वाटू शकतं. दहा मिनिटं गाडी ब्रेक न मारता सावकाश फिरवा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून लगेच उभी करू नका, गिअरमध्ये टाकून ठेवा. हँडब्रेकचं निघालंच आहे तर सांगतो: हाताने ओढायचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो आणि त्याला एबीएस लागू नसतं. घाबरून तो ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. पळत्या गाडीत त्याला हात लावू नका.

६. खऱ्या रस्त्यावर

वळवून वाचायची सोय मिळाली म्हणून प्रत्येक वेळी वळवायचंच असं नाही. कुत्रं आडवं आलं म्हणून समोरून येणाऱ्या ट्रकच्या लेनमध्ये जाऊ नका. मोकळी जागा दिसत नसेल तर सरळ, पूर्ण ब्रेक. धडकेआधी वेग जितका उतरेल तितका जीव वाचतो. पट्टा सगळ्यांना, मागे बसलेल्यांनाही.

*पाऊस.* जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा भर पावसाळ्यापेक्षाही जास्त घसरतं. कोकणात लाल माती रस्त्यावर वाहून येते, देशावर उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणतात. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि रेल्वे फाटकातले रूळ ओले असताना डांबरापेक्षा गुळगुळीत असतात. साचलेल्या पाण्यावरून वेगाने गेलात तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, टायर टेकण्याची वाट बघा. तरंगणाऱ्या टायरला एबीएस काही करू शकत नाही.

*खडी, मुरूम, वाळू.* इथे एबीएस असलेली गाडी नसलेल्या गाडीपेक्षा जास्त अंतर घेऊ शकते. जाम झालेलं चाक खडीत रुतून पुढे ढीग करतं आणि त्या ढिगाने गाडी थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग होत नाही. वळण्याची सोय तरीही कायम राहते. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर आणि डांबरीकरणाआधी खडी पसरलेल्या पट्ट्यात वेग आधीच उतरवा. परदेशात असाल तर ताज्या, भुसभुशीत बर्फातही हेच होतं.

*खड्डे.* चाक खड्ड्यावरून उडालं की क्षणभर हवेत असतं, ब्रेकमुळे लगेच थांबतं, आणि एबीएस दाब सोडतं. ब्रेक सुटल्यासारखा वाटतो तो यामुळे. रंबलिंग पट्ट्यांवरही (वेग उतरवायला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या उंचवट्यांवरही) हे जाणवतं. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा, खड्ड्यात चाक मोकळं सोडा.

*घाट.* आंबा, वरंधा, ताम्हिणी, कुठलाही उतरा, ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तापलेल्या ब्रेकवर एबीएस हा उपाय नाही. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून उतरणारे अजून भेटतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. ही सवय कोणाची असेल तर हात जोडून सोडायला लावा.

७. पिवळा दिवा लागला तर

चालता चालता एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला, तर एबीएस बंद झालंय. साधा ब्रेक चालू असतो. घाबरू नका, पण आता तुम्ही जुन्या गाडीत आहात: करकचून मारलं तर चाकं जाम होतील. वेग उतरवा, अंतर वाढवा, लवकरात लवकर दाखवा.

पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गोष्ट गंभीर आहे. आधी हँडब्रेक खाली आहे ना बघा. असेल तर सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक ऑइल बघा. ऑइल गळत असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी स्वतः चालवत नेऊ नका, टोइंग मागवा.

नुसत्या पिवळ्या दिव्याचं कारण बऱ्याचदा छोटं असतं: सेन्सरवर साठलेला चिखल आणि लोखंडी भुकटी, उंदराने कुरतडलेली वायर, गंजलेली रिंग, मरगळलेली बॅटरी, उडालेला फ्यूज, किंवा एका चाकाला घातलेला वेगळ्या मापाचा टायर. पूर्ण एबीएस युनिट बदलण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून ते बदला असं कोणी म्हणालं तर आधी स्कॅनरवर (गाडीतले बिघाड वाचणाऱ्या यंत्रावर) आलेला बिघाडाचा कोड दाखवायला सांगा आणि लिहून घ्या. कोणत्या चाकाचा सेन्सर तक्रार करतोय हे बहुतेक वेळा कोडवरून कळतं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, ब्रेकचे नाही. 'कोड काहीच नाही' यावर विसंबू नका. सेन्सर काढून पुसणं आणि वायर तपासणं हे आधी करून घ्या.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. बहुतेक गाड्यांना ते दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. कोणतं घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं. झाकणावर डॉट ४ असेल तर तेच, मेकॅनिककडे उघड्या पडलेल्या बाटलीतलं नको, सीलबंद डबा समोर उघडायला लावा. एबीएसचा ठोकळा उघडून काम झालं असेल तर आत अडकलेली हवा काढायला काही गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो. हे केलं का, असं थेट विचारा. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.

दुरुस्तीनंतर किल्ली ऑन करून दिवा लागतो-विझतो का बघा, मग त्याच मोकळ्या मैदानावर ताशी तीसने जाऊन एकदा पूर्ण ब्रेक मारा. थरथर आली, गाडी सरळ थांबली आणि दिवा परत लागला नाही, तर काम झालं. गाडी एका बाजूला ओढली गेली तर तशीच सावकाश मेकॅनिककडे परत न्या.